फुलाच्या दांड्यावरचे रोप

आमच्या प्रयोगशाळेच्या पूर्वेकडील खिडकीत फॅलेनॉप्सिस नावाची एक आमरी आहे. आमरी म्हणजे ऑर्किड. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास तिच्या पानाच्या बगलेतून एक दांडा निघतो, खिडकीकडे झुकत वाढतो, आणि त्यावर पतंगासारखी पांढरी फुले ओळीने उमलतात. गेल्या वर्षी दांडा उशिरा, फेब्रुवारीच्या अखेरीस निघाला. मार्चमध्ये पुण्याचा पारा चढला. दांड्याच्या वरच्या पेरावरचा डोळा फुगलेला दिसत होता. आता कळी येईल म्हणून आम्ही वाट पाहत होतो, पण आले ते पान. मग त्याच्या समोर दुसरे पान. मे संपेपर्यंत दांड्यावर, अधांतरी, दोन पानांचे एक रोप बसलेले होते आणि पावसाळी हवा सुरू होताच त्याला मूळही फुटले.

त्याच सुमारास प्रयोगशाळा पाहायला आलेल्या एका शिक्षिकाबाईंनी ते पाहिले आणि विचारले, "फूल यायच्या जागी झाड कसे आले? आणि हे असे होते हे कळल्यावरच लोकांनी ऑर्किडची रोपे प्रयोगशाळेत वाढवायला सुरुवात केली का?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही बरे दिले. दुसऱ्याला आम्ही ठामपणे "नाही" म्हणालो. ऑर्किडचे ऊतिसंवर्धन फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल याने १९६० साली सुरू केले आणि त्याचा या दांड्यावरच्या रोपांशी काही संबंध नाही, असे सांगितले. हे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो होतो आणि पुढे कित्येक वर्षे शिकवतही आलो होतो. बाई गेल्यावर सहज म्हणून जुने संदर्भ काढले, तेव्हा आमचे "नाही" चूक होते हे ध्यानात आले. बाईंचा अंदाज सत्याच्या बराच जवळचा होता. हा लेख म्हणजे त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर.

आधी त्या रोपाविषयी. जगभरचे ऑर्किडवाले त्याला 'केइकी' म्हणतात. हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द. अर्थ अगदी साधा : मूल. ऑर्किडच्या बागा हवाईत पुष्कळ आणि तिथूनच तो सगळीकडे पसरला. असे मूल कडेवर घेणारी ऑर्किड ही काही एकटीच वनस्पती नव्हे. रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर घायपात असतो. कित्येक वर्षे नुसती पाने वाढवून झाल्यावर त्याच्या मधोमध बांबूएवढा उंच दांडा येतो, फुले येतात, आणि फुले गळून गेल्यावर त्याच जागी शेकडो चिमुकली रोपे लागतात. वारा आला की ती खाली पडतात आणि रुजतात. वर्गात दाखवायला याहून चांगला नमुना नाही. पानफुटीच्या पानाच्या कडेवरची रोपे तर सर्वांच्या परिचयाची आहेत. कोकणात आणि गोव्यात अंगणात नारळाच्या सोडणांवर वाढवलेल्या डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्यांवरही अशी पोरे बसलेली दिसतात.

ही गोष्ट समजायला ऊस डोळ्यांपुढे आणावा. उसाच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. शेतकरी दोन डोळ्यांची टिपरी कापतो, सरीत दाबतो आणि त्या डोळ्यातून नवा ऊस उभा राहतो. फॅलेनॉप्सिसच्या दांड्यालाही अशीच पेरे असतात. प्रत्येक पेरावर एक छोटे खवल्यासारखे पान आणि त्याच्या आड एक डोळा. वरच्या पेरांवर फुले येतात. खालच्या तीन-चार पेरांवरचे डोळे बहुधा झोपलेलेच राहतात. फरक एवढाच की उसाच्या डोळ्यातून ऊसच येतो. ऑर्किडच्या या डोळ्याला मात्र दोन वाटा मोकळ्या असतात : फुलांची फांदी व्हायचे किंवा पानामुळांचे पुरे झाड व्हायचे. कोणती वाट धरायची हे बरेचसे तापमानावर ठरते. साधारण २५ अंश सेल्सियसच्या खाली काही आठवडे मिळाले की फॅलेनॉप्सिस दांडे धरते. पारा सतत २८ अंशांच्या वर राहिला तर ती पानेच काढत बसते. आमच्या रोपाला थंडी दांडा काढण्यापुरती मिळाली आणि फुलाचा निर्णय पक्का होण्याआधीच उन्हाळा आला. म्हणून फुलाच्या जागी झाड.

आता इतिहास. या वनस्पतीचे घर म्हणजे इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि आसपासची बेटे. तिथल्या झाडांच्या फांद्यांवर ती मुळांनी घट्ट धरून राहते. अंबोन बेटावर राहणाऱ्या रम्फियसने सतराव्या शतकात तिचे वर्णन लिहून ठेवले. ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर, अठराव्या शतकात. लिनियसने १७५३ साली तिला एपिडेंड्रम या प्रजातीत टाकले. आज रूढ असलेले फॅलेनॉप्सिस हे नाव, म्हणजे 'पतंगासारखी दिसणारी', ब्लूमने १८२५ साली दिले. पुढच्या दशकात ह्यू कमिंग या संग्राहकाने फिलिपिन्समधून जिवंत रोपे इंग्लंडला धाडली, आणि श्रीमंतांच्या काचेच्या हरितगृहांत ती फुलू लागली.

त्या काळी ऑर्किड मिळवायचा मार्ग एकच होता : जंगलातून ओरबाडून आणायचे. हजारोंनी आणलेल्या रोपांतली बहुतेक वाटेतच जहाजावर मरत. उरलेली लिलावात विकली जात. घरच्या घरी त्यांची वाढ करता येत नव्हती, आणि त्याचे कारण बियांत होते.

ऑर्किडचे बी म्हणजे धूळ. डार्विनने १८६२ सालच्या आपल्या ऑर्किडांवरील पुस्तकात इंग्लंडातल्या एका साध्या जातीचे गणित मांडले आहे. एका बोंडात सुमारे ६,२०० बिया आणि एका झाडाला तीसेक बोंडे, म्हणजे झाडामागे १,८६,००० च्या आसपास बिया. सगळ्या रुजल्या तर पणतवंडांपर्यंत पृथ्वीवरची सारी जमीन हिरवी होईल, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात असे काही होत नाही. कारण या बीमध्ये गर्भाला पुरेल असा शिधाच नसतो. हरभऱ्याच्या डाळिंब्यांत किंवा गव्हाच्या दाण्यात भरलेला असतो तसा साठा इथे नाही. मग ती रुजते कशी? याचे उत्तर नोएल बर्नार या तरुण फ्रेंच संशोधकाला १८९९ साली मिळाले. जंगलात सापडलेल्या ऑर्किडच्या कोवळ्या अंकुरांत त्याला सर्वत्र एक बुरशी दिसली. ही बुरशी गर्भात शिरते आणि त्याला अन्न पुरवते. बुरशी नसेल तर बी रुजत नाही. जुने माळी बी आईच्याच कुंडीत टाकत आणि क्वचित त्यांना यश येई, त्याचा उलगडा यातून झाला. बुरशी त्या कुंडीतच असे. बर्नार १९११ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारला.

बुरशी अन्न देते, तर तिच्याऐवजी आपणच अन्न दिले तर? अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लुईस नडसनने हे करून दाखवले. निर्जंतुक काचपात्रात क्षार, आगर आणि साखर घातली आणि त्यावर बी पेरले. १९२२ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बुरशीविना ऑर्किड रुजले. साखर हाच कळीचा मुद्दा होता. तेव्हापासून बियांपासून हजारो रोपे मिळू लागली.

पण इथे दुसरी अडचण उभी राहिली. बियांपासून आलेले प्रत्येक रोप वेगळे. संकरित आमरीचे उत्तम फूल पाहून तिचे बी पेरले तर एकही पोर आईसारखे निघेल याची खात्री नाही. आपण ऊस बियांपासून न लावता टिपरीपासून लावतो, रायवळ कोयीवर हापूसचे कलम करतो, ते याचसाठी. कॅटलिया किंवा सिंबिडियम या ऑर्किडांच्या बाबतीत निदान एक सोय होती. त्या हळदीसारख्या आडव्या वाढतात आणि त्यांचे गड्डे तोडून वेगळे करता येतात. फॅलेनॉप्सिसला ती सोय नाही. तिचे खोड एकच, शेंडाही एकच, आणि ती वर्षानुवर्षे वरच्या वरच वाढते. शेंडा कापला तर झाड गमावण्याची भीती. एखाद्या उत्कृष्ट रोपाची दुसरी प्रत मिळवायची तर दांड्यावर केइकी येण्याची वाट पाहायची, एवढेच हाती होते. फॅलेनॉप्सिस लुडेमानियाना किंवा फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस यांसारख्या जाती केइकी सढळपणे देतात. पण ज्यांना मागणी होती त्या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या जाती या बाबतीत कंजूष.

या जागी आमच्या पाठ्यपुस्तकांतून गळालेला माणूस येतो. गॅव्हिनो रोटर. तोही कॉर्नेलचाच, जिथे नडसनने बी रुजवले होते. ऑर्किडांच्या वाढीवर आणि फुलण्यावर दिवसाची लांबी व तापमान यांचा काय परिणाम होतो, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. त्याने विचार केला तो असा असावा : दांड्याच्या खालच्या पेरांवर झोपलेले डोळे आहेत, त्यांतून झाड येऊ शकते हे केइकी दाखवतेच आहे, आणि झाडावर ते जागे होत नसतील तर आपण त्यांना नडसनच्या बाटलीत जागे करू. त्याने दांड्याचे एकेका डोळ्याचे तुकडे केले, अगदी उसाच्या टिपऱ्यांसारखे. ते निर्जंतुक केले आणि बियांसाठी वापरत त्याच माध्यमात बसवले. डोळे फुटले, पाने आली, मुळे आली. बाटलीत आईची हुबेहूब प्रत तयार झाली. १९४९ साली अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या मासिकात त्याने हे छापले. लेख अवघ्या दोन पानांचा आहे.

ऑर्किडच्या झाडाचा तुकडा निर्जंतुक माध्यमात वाढवून त्यापासून पूर्ण रोप मिळवणे, ही व्याख्या घेतली तर सुरुवात इथे होते, १९६० ला नव्हे. अकरा वर्षे आधी. आणि तिची प्रेरणा होती दांड्यावरचे रोप.

मग मोरेलचे नाव का राहिले? तो व्हर्साय येथे वनस्पतींच्या विषाणूंवर काम करत होता. १९५२ साली मार्टिन या सहकाऱ्याबरोबर त्याने डेलियाच्या शेंड्याचा सूक्ष्म कण वाढवून विषाणूमुक्त रोप मिळवले होते. शेंड्याच्या अगदी टोकावरच्या पेशींत बहुधा विषाणू पोचलेला नसतो, या निरीक्षणाचा तो उपयोग. १९६० साली त्याने हीच युक्ती सिंबिडियमवर केली. त्याच्या लेखाचे शीर्षकही विषाणूमुक्त सिंबिडियमविषयी आहे. पण त्यात एक अनपेक्षित गोष्ट घडली. शेंड्याच्या कणातून सरळ रोप न येता बी रुजताना दिसतात तशा हिरव्या गोळ्या तयार झाल्या. गोळी कापली की तुकड्यांपासून नव्या गोळ्या. एकाच्या चार, चाराच्या सोळा. रोटरच्या पद्धतीत एका डोळ्यातून एक रोप. इथे एका शेंड्यातून हवी तेवढी. फ्रान्समधल्या ऑर्किडच्या व्यापाऱ्यांनी ही पद्धत तत्काळ उचलली आणि काही वर्षांत सिंबिडियम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

रोटरचा लेख कुठल्या आडगावच्या पत्रिकेत होता म्हणून विसरला गेला, असे म्हणावे तर तेही खरे नाही. मोरेलचा लेख त्याच मासिकात आला होता. आमच्या मते कारण वेगळे आहे. व्यवसाय ज्याच्यावर उभा राहिला त्याचे नाव लोकांच्या ध्यानात राहिले आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे वाचून तेच पुढे नेले. मोरेलला कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. त्या हिरव्या गोळ्यांचे गुणन हे त्याचेच. पण गुणन त्याचे आणि आरंभ रोटरचा, असे म्हणायला काय हरकत आहे? सिंबिडियमच्या पद्धतीचा तपशीलवार, कोणालाही करून पाहता येईल असा वृत्तांत १९६३ साली डोनाल्ड विंबर याने छापला. तेही नाव असेच मागे पडले. जोसेफ आर्डिटी आणि अब्राहम क्रिकोरियन यांनी १९९६ साली लिनियन सोसायटीच्या वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात जुने कागद तपासून एक प्रदीर्घ लेख लिहिला आणि अशा उपेक्षित संशोधकांची बाजू मांडली. तो आम्ही वाचायला हवा होता. वाचला तो बाईंनी विचारल्यावर.

याहून गंमत पुढे आहे. मोरेलची पद्धत फॅलेनॉप्सिसला लागू करायची म्हणजे तिचा एकुलता एक शेंडा कापायचा. ज्या अमूल्य झाडाच्या प्रती काढायच्या तेच पणाला लावायचे. त्यामुळे सिंबिडियमची लाखो रोपे होत असताना फॅलेनॉप्सिसवाले अडूनच बसले होते. त्यांना शेवटी फुलाच्या दांड्याकडेच वळावे लागले. दांडा कापला तर झाडाचे काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी दुसरा येतोच. दांड्यावरच्या डोळ्यातून बाटलीत कोंब काढायचा आणि मग त्या कोंबाच्या कोवळ्या पानांचे तुकडे करून त्यांपासून गोळ्या मिळवायच्या, हा मार्ग पुढे जपानमध्ये आणि इतरत्र विकसित झाला. म्हणजे रोटरच्या पहिल्या पायरीवर मोरेलची दुसरी पायरी चढवली गेली.

या दोन पायऱ्यांना जोडणारा दुवा एक रसायन होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे मिलर, स्कूग आणि त्यांचे सहकारी तंबाखूच्या पेशींची विभागणी सुरू करणारा पदार्थ शोधत होते. हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली हे काम करी. नवी आणली तर करत नसे. नवे डीएनए दाबाखाली उकळले तेव्हा ते कामाला लागले. १९५५ साली त्यातून निघालेल्या पदार्थाला त्यांनी कायनेटिन नाव दिले. या गटातल्या संजीवकांना आज सायटोकायनिन म्हणतात. पेशींना विभागायला लावणे आणि झोपलेले डोळे जागे करणे ही त्यांची खास कामे. पोषणमाध्यमात ते योग्य प्रमाणात घातले की दांड्यावरचा डोळा फुलाकडे न वळता झाडाकडे वळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. बागवाल्यांसाठी 'केइकी पेस्ट' विकत मिळते, त्यात बहुधा याच गटातले बेंझिलअ‍ॅडेनिन लॅनोलिनमध्ये कालवलेले असते. खालच्या पेरावरचे खवल्यासारखे पान अलगद सोलून डोळ्यावर टाचणीच्या टोकाएवढे लावतात. जास्त लावले तर विद्रूप कोंबांचा झुपका येतो, हे आम्ही करून पाहिले आहे आणि कोणी करू नये.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस तैवानमध्ये साखर बनवणाऱ्या सरकारी कंपनीने ऊस परवडेना म्हणून फॅलेनॉप्सिसची लागवड हाती घेतली. डोळ्याच्या टिपऱ्यांकडून डोळ्याच्या बाटल्यांकडे झालेले हे स्थलांतर पाहून आम्हांला हसू आले. हॉलंडमध्येही प्रचंड हरितगृहे उभी राहिली. एके काळी सरदारांच्या हरितगृहात असणारी वनस्पती आपल्या शहरांतल्या रोपवाटिकांत मिळू लागली ती यामुळे.

गोळ्यांच्या गुणनाला एक किंमतही द्यावी लागली. गोळ्या फार पिढ्या कापत राहिले की काही प्रती मूळ झाडासारख्या राहत नाहीत. फॅलेनॉप्सिसमध्ये कधी पाकळ्याही ओठासारख्या होतात, किंवा फुलाची रचनाच बिघडते. हजारो रोपे फुलेपर्यंत हे कळत नाही, आणि फुलायला दोनेक वर्षे लागतात. डोळ्यातून सरळ आलेले रोप या बाबतीत अधिक भरवशाचे. केइकी हळू येते, एकेकटी येते, पण सहसा आईसारखीच असते.

मात्र आईचे दुखणेही ती सोबत आणते. ऑर्किडांत सर्रास आढळणारे दोन विषाणू, सिंबिडियमचा मोझेक आणि ओडोंटोग्लॉसमचा वलयी ठिपक्यांचा, दांड्यातून पोरात जातात, आणि कापायची कात्री दोन झाडांत तशीच वापरली तर शेजारच्या झाडातही. मोरेलने शेंड्याचा कण घेतला तो ज्या कारणासाठी, ते कारण इथे पुन्हा आडवे येते. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. मुख्य झाडाचा शेंडा कुजला असेल तर ते मरण्यापूर्वी दांड्यावर किंवा बुंध्याशी केइकी काढते. अशा वेळी पोर पाहून आनंदण्यापूर्वी आईची पाने तपासावीत.

आमच्या रोपाची आई धडधाकट आहे. पोराला आता तीन मुळे आहेत, त्यांतली दोन पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली आहेत. एवढे झाले की कापायला हरकत नाही. खाली-वर दोन-दोन सेंटिमीटर दांडा ठेवून, ज्योतीवर तापवून थंड केलेल्या कात्रीने कापायचे आणि लाकडी कोळसा व नारळाच्या सालीचे तुकडे भरलेल्या छोट्या कुंडीत, मुळे न मोडता बसवायचे. पहिले काही आठवडे भर उन्हात ठेवायचे नाही. फूल यायला दोन-तीन वर्षे लागतील. ती कुंडी बाईंच्या शाळेत द्यायचे ठरले आहे. दांड्याच्या खालच्या पेरांवरचे तीन डोळे अजून झोपलेले आहेत. ते आम्ही बाटलीत घालणार आहोत, साध्या नडसनच्या माध्यमात, सायटोकायनिन न घालता, रोटरने केले तसे.